दराचा कोरा रकाना

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझ्या पडद्याच्या उजव्या कडेवर चिकटपट्टीचे पिवळे डाग आहेत. ते पुसू नका. माझ्या चांगल्या दिवसांची तेवढीच खूण उरली आहे.

बुद्धिबळाच्या लाकडी सोंगट्या परदेशी पाठवणाऱ्या कारखान्यात मी हिशेब ठेवत असे. तिथल्या हिशेबनिसांना सगळे दशांशकाका म्हणत. रोज सकाळी ते बँकेला फोन करून परकीय चलनाचा दर विचारत आणि चिठ्ठीवर लिहून माझ्या कडेला चिकटवत.

"काका, चौथ्या दशांशानं काय आभाळ कोसळणार आहे?" मालक हसत.

"आभाळ राहील हो जागेवर. ताळा नाही राहणार."

माल पाठवताना एक दर असतो, पैसे येतात तेव्हा दुसरा. मधला फरक काका नफा किंवा तोटा म्हणून वेगळा नोंदवत. तेरा वर्षे आमचा ताळा चुकला नाही. मालक पाहुण्यांना मुद्दाम आमच्या टेबलापाशी आणत.

मग काकांचे हृदयाचे ऑपरेशन ठरले. पाच आठवडे मालकांची बहीण माझ्यासमोर बसली. तिने परकीय चलनात आलेल्या रकमा नीट भरल्या, पण दराचा रकाना कोरा सोडला. दर दिला नाही की मागचाच धरायचा, ही माझी सवय. मी धरला. बाहेर दर रोज घसरत होता. माझ्यात पैसे जास्त दिसू लागले, बँकेत कमी होते.

काका परतले त्याच दिवशी मालकांनी विचारले, "मधले पैसे कुठे गेले? बँकेचं सगळं तुम्हीच बघता."

काका टेबलाला धरून उभे होते. दवाखान्याच्या खाटेवरूनही रोज फोन करून लिहिलेल्या दराच्या चिठ्ठ्या त्यांनी पुढे केल्या. "दर तपासा, मालक. एकदा मला बसू द्या."

"बसलात तेवढं पुरे झालं."

बहीण खाली मान घालून होती. मला सारे ठाऊक होते, पण विचारल्याशिवाय मला सांगता येत नाही. कुणी विचारले नाही.

चार महिन्यांनी काका गेले. चोर म्हणूनच गेले. कारखान्यात नवा संगणक आला आणि माझ्यावर सोंगट्यांची खोकी रचली गेली.

वर्ष उलटल्यावर काकांची मुलगी त्याच चिठ्ठ्या घेऊन आली. हट्टाने तिने मला सुरू करायला लावले. चिठ्ठ्यांवर दर दिवशी वेगळा दर होता, माझ्याकडे सगळ्या रकमांना एकच. तिने फरक मांडला. तो हरवलेल्या पैशांशी चौथ्या दशांशापर्यंत जुळला.

"मी नुसती रक्कम टाकली होती," बहीण पुटपुटली. "दर कुठून आणायचा, हे विचारायची लाज वाटली."

मालक खुर्चीत बसले. म्हणाले, "दुरुस्त करून टाक, पोरी."

तिने फरकाची नोंद लिहिली आणि तारीख घातली, बाबा जिवंत असतानाची. मी नाकारली. त्या वर्षाचे हिशेब बंद झाले होते. तिने पुन्हा तीच घातली. मी पुन्हा नाकारली. मग तिने आजची तारीख घातली आणि मी निमूटपणे घेतली.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटका असे मी म्हणणार नाही. आकडा चुकलेला दिसला, तर ज्याच्यावर बोट दाखवाल त्याला आधी माझ्यासमोर बसू द्या. मागची तारीख मला घेता येत नाही.