ताडपत्री परत आली का?

मी एक जुनी ताडपत्री आहे, मित्रांनो. माझा रंग विचारू नका, तो कधीच उडाला. पाळण्यांच्या कारखान्यात, अंगणातल्या भंगाराशेजारी माझी घडी पडलेली असायची आणि येणारा-जाणारा माझ्यावर बूट पुसून आत जायचा.

माझा जन्म एका मोठ्या यंत्रावर झाला. जाड कापडावर मेण चोपडलं, कडा दुमडून शिवल्या आणि त्यात पितळी कड्या ठोकल्या. ठोकताना दुखलं, पण त्या कड्यांत दोर ओवला जाणार म्हणून मी गप्प राहिले. पाळणे बनवणाऱ्या ताईंनी मला विकत घेतलं. ताई प्रत्येक पाळण्याच्या गजांवरून मनगटाची आतली बाजू फिरवायच्या. "तळहात निबर झालाय, त्याला टोचलेलं कळत नाही. बाळाला कळतं," असं म्हणायच्या.

ताईंकडे ट्रक नव्हता. ट्रक दलालकाका आणायचे. गंमत म्हणजे ट्रक त्यांच्याकडेही नव्हता! त्यांच्याकडे एक फोन होता, एक प्लास्टिकची खुर्ची होती आणि कोणती गाडी कुठून रिकामी परत निघाली आहे याची खबर होती. मालवाल्याची आणि गाडीवाल्याची गाठ घालून देणं हेच त्यांचं काम. थापाही मारायचे. "ताई, गाडी नाक्यावर आलीच समजा," असं ते सांगायचे, तेव्हा ड्रायव्हर अजून दात घासत असायचा.

पण माल पोचला की काका फोनवर आधी विचारायचे, "ताडपत्री परत आणतोयस ना?" पाळण्यांची चौकशी नंतर. कामगार त्यांना चिडवायचे. "काका, ही तुमची सख्खी बहीण लागते का?"

"हसा लेको. दुसऱ्याची ताडपत्री ज्याच्या लक्षात राहते, तो दुसऱ्याचा माल आदळत नाही."

जो ड्रायव्हर मला विसरून आला, त्याला काकांनी मला आणायला उलट पाठवलं आणि पुन्हा पाळण्यांची खेप दिली नाही. मला फार मोठं वाटायचं, मित्रांनो. अनोळखी ट्रकच्या हौद्यावर मी ऐटीत पसरायचे आणि दरवेळी घरी परत यायचे.

मग लोक घरबसल्या एकेक पाळणा मागवू लागले. एका पाळण्यासाठी काका गाडी कुठून आणणार? ताईंच्या धाकट्या भावाने एका कंपनीचा माणूस आणला. तो म्हणाला, "गोदाम आमचं, बांधणं आमचं, पोचवणं आमचं, परत आलेला माल घेणंही आमचं. तुम्ही फक्त पाळणे करा."

त्याचं बोलणं खोटं नव्हतं. घरोघरच्या पाळण्यांसाठी कंपनीच बरी होती. ताई म्हणाल्या, "एकेक पाळणे यांना देऊ. भरलेल्या ट्रकचं काम काकांकडे राहू दे."

"दोघांच्या मागे कोण धावणार, ताई?" भाऊ म्हणाला. "सगळं एकाच्या गळ्यात बांधलं की आपण सुटलो."

भावाने काकांनाही बोलावलं आणि त्या माणसाच्या शेजारी, त्याच बाकावर बसवलं. "काका, तुमचं गोदाम दाखवा की." काकांचा हात शर्टाच्या खिशातल्या फोनकडे गेला. "खिशात ठेवलंय वाटतं!" भाऊ म्हणाला. सगळे हसले, काकाही हसले. काकांकडे मोठं काम ताईंच्या कारखान्याचं तेवढंच होतं. ताई खाली मान घालून एका गजावरून मनगट फिरवत राहिल्या. तो गज तपासून झालेला होता.

सगळं काम कंपनीला गेलं. तिच्या गाड्या चारी बाजूंनी बंद असायच्या, त्यांना ताडपत्री लागत नसे. माझी घडी झाली आणि मी भंगाराशेजारी गेले.

मग लहान मुलांच्या दवाखान्यासाठी ट्रकभर पाळणे पाठवायचे ठरले. फाटक उघडलं तर उघड्या हौद्याचा ट्रक, आणि ड्रायव्हरशेजारी दलालकाका! कंपनीकडे एवढी मोठी गाडी नव्हती. तिने ती स्वस्तातल्या दलालाकडून, म्हणजे काकांकडूनच, मागवली होती.

"अरे वा, काका! मागच्या दाराने आलात का?" भाऊ म्हणाला.

काका ओशाळले. "बंद गाडी त्या भावात मिळेना. म्हटलं, उघडी चालेल, इथली ताडपत्री आहेच. तेवढी देता ना?"

"ते आता आमचं काम नाही. कंपनीला विचारा."

"अहो, आभाळ बघा."

"बघितलं. छान आहे."

ताई पुढे आल्या. "अरे, देऊन टाक."

"आज दिली की दरवेळी देत बसावं लागेल, ताई. बंद गाडी द्यायचं त्यांनी कबूल केलंय. भिजलं तर ते बघतील."

ताई थांबल्या. मी त्यांच्या पायाशीच पडले होते. ट्रक उघडाच गेला.

वाटेत पाऊस आला. फळ्या फुगल्या, रंगाचे पोपडे निघाले. दवाखान्याने पाळणे परत पाठवले. कंपनीचा माणूस म्हणाला, "गाडी दलालाची होती." भाऊ म्हणाला, "मीही तेच म्हणतोय." ड्रायव्हरनेही काकांकडे बोट दाखवलं. हा ठपका बसला की कोणताही मालवाला काकांचा फोन उचलणार नव्हता.

काका ताईंकडे वळले. "ताई, तुम्ही होतात तिथे. मी ताडपत्री मागितली होती. एवढंच सांगा, बास."

ताई भावाकडे बघून म्हणाल्या, "मला नीट आठवत नाही, काका."

फुगलेले पाळणे अंगणात रचले गेले. काका निघाले तसा भावाने मागून आवाज दिला, "काका, जाता जाता तेवढे झाकून जा. भिजतील."

काकांनी मला उचललं, झटकलं, एकही सुरकुती न ठेवता पसरलं. प्रत्येक कडीत दोर ओवला आणि त्यांची ती नेहमीची गाठ मारली. मग ते गेले.

मित्रांनो, काम दलालाला द्या, नाहीतर कंपनीला द्या. ज्याला जे जमतं ते त्याला द्या. पण देण्याआधी एवढं विचारा, की शेवटी दोर कोणाच्या हातात असणार आहे. आणि पायाशी ताडपत्री पडलेली असेल, तर वाकून ती उचला.

मी अजून त्याच पाळण्यांवर आहे. आता मी कुठे जातच नाही. त्यामुळे मी परत आले का, हे कोणाला विचारावं लागत नाही.