चटका न बसणारं कुंड

त्या रविवारी नवलच्या बागेत केळी कमी आणि माणसं जास्त होती. चोपड्याहून सातपुड्याच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर रिक्षा, ट्रॅक्टर, मोटारसायकली कशाही उभ्या होत्या. बागेच्या मधोमध सिमेंटचं कुंड, त्यातून वाफा निघत होत्या, आणि त्याच्या एका कोपऱ्यात जीवराम भगत पाण्यात पाय सोडून, डोळे मिटून बसला होता. दरवर्षी आमच्या गावच्या बारागाड्या ओढणारा हाच तो भगत. एकमेकींना बांधलेल्या बारा गाड्या हा एकटा ओढतो म्हटल्यावर त्याच्यात देव आहे, हे गावाने आधीच ठरवून टाकलेलं होतं.

नवल माझा धाकटा भाऊ. मी सारिका, जळगावला कॉलेजात फिजिक्स शिकवते. केळीला पाणी पुरेना म्हणून नवलने बोअर पार खोल नेली आणि पाणी लागलं ते कढत. थेट सोडल्यावर रोपं करपून गेली. हौदात साठवून गार करावं एवढंच काम होतं, पण गावाने भगताला बोलावलं. त्याने पाणी हुंगलं आणि सांगितलं, खाली ऋषी तपाला बसले आहेत, त्यांच्या तेजाने पाणी तापलं आहे. एवढ्या खोल काळ्या पाषाणात ऋषी शिरले कुठून, हे कोणी विचारलं नाही; हौदाऐवजी कुंड बांधलं गेलं.

भगताचा नियम सोपा होता. "ज्याले चटका बसना, त्यानं पाप बाकी शे," तो म्हणायचा, "ज्याले नही बसना, त्याना रोग गया." म्हणजे चटका बसला तर पाप उरलेलं, न बसला तर रोग गेलेला. छापा पडो की काटा, भगतच जिंकणार. लोक पाय घालत, हाय करून बाहेर काढत आणि आपलं पाप कबूल करून नारळ फोडत.

पाचसहा म्हाताऱ्या बायका मात्र आरती संपेपर्यंत पाय बुडवून शांत बसायच्या. त्यांना भगत हार घालायचा. त्यांत पहिला मान माझ्या आईचा, वच्छलाबाईचा. तिला कित्येक वर्षं साखरेचा आजार. रोग गेला म्हटल्यावर तिने गोळ्याही सोडल्या होत्या. जन्म चुलीपुढे काढलेल्या बाईला पहिल्यांदा चारचौघांत मान मिळत होता, आणि तो काढून घ्यायला मी आले होते.

घरी तिने पाय लुगड्याखाली ओढून घेतला. मी लुगडं बाजूला केलं. तळव्याची साल सुटली होती आणि अंगठा काळा पडत होता. वास येत होता. ती हसून म्हणाली, "समदासले चटका बसस, माले बसत नही. देवनी किरपा शे. तू शिकेल शेस, तुले नही समजाव."

मला राग यायला हवा होता. आला नाही. तो अंगठा पाहिला आणि माझ्या आतलं काहीतरी जागीच थांबलं. ते अजून थांबलेलंच आहे.

दुसऱ्या दिवशी मी डॉ. महेकला कुंडावर घेऊन आले. आमच्याच गावच्या नूर महंमद चाचांची ही मुलगी चोपड्यात दवाखाना चालवते. डॉक्टरीणबाई आल्या म्हटल्यावर भगत फुलला. चमत्कारावर आता सरकारी शिक्का बसणार, असं त्याला वाटलं असावं.

मी कॉलेजचा थर्मामीटर कुंडाच्या मध्यभागी सोडला. पंचावन्न अंश. मग भगताच्या कोपऱ्यात. तिथं जेमतेम पस्तीस. मी आकडे मोठ्याने वाचले. गर्दीने नवलकडे पाहिलं आणि नवलने मान खाली घातली. आसन गार हवं असं भगताने सांगितल्यावर नवलनेच जुन्या विहिरीचा पाइप स्वतःच्या हाताने त्या कोपऱ्यात जोडून दिला होता. सेवा म्हणून.

"भगतनी गोष्ट सोडा," गर्दीतून गावातले अमृतनाना म्हणाले, "पन या मायबहिनी? यासले का चटका बसत नही?"

महेकने आईला बाजेवर बसवलं, डोळे मिटायला सांगितले. म्हणाली, मी तळव्याला हात लावला की बोला. तिने आधी कापूस फिरवला, मग केरसुणीची काडी. आई गप्प. मग आता टोचते म्हणाली आणि सगळ्यांना दिसेल अशी सुई धरून तिने टाचेत टोचली. रक्ताचा थेंब आला.

आई डोळे मिटूनच होती. म्हणाली, "टोच ना बेटा. मी वाट देखस."

हार घातलेल्या बाकीच्या बायका एकेक करून आपापले तळवे चाचपू लागल्या. महेकने सांगितलं की साखरेने पायाच्या नसा मरतात, मग चटका कळत नाही, पण कातडी भाजायची ती भाजतेच. भगत कधी निघून गेला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पाणी का तापतं, ते मी सांगितलं. जमिनीत जसजसं खोल जावं तसा खडक गरम होत जातो. आपल्या या पट्ट्यात खडकाला खोल भेगा आहेत. पाणी त्यांतून खाली उतरतं, तापतं, वाट मिळेल तिथून वर येतं. उनपदेवचा गरम पाण्याचा झरा आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहतोच आहोत. आता नवल ते पाणी पत्र्याच्या शेडखालच्या नळ्यांतून फिरवतो आणि त्या उबेवर केळीचे काप व मिरच्या वाळवतो. गार झालेलं पाणी बागेला जातं. तिथं आता नारळ फोडायला कोणी येत नाही.

आईचा पाय जळगावला घोट्याच्या वर कापला. ऑपरेशनच्या कागदावर मी सहीसुद्धा कॉलेजच्या हजेरीवर करते तशी केली. आठवड्याने ती मला म्हणाली की नसलेला पाय ठणकतो, रात्रभर झोपू देत नाही. होता तेव्हा मेला बोलला नाही, आणि आता गप्प बसत नाही.

तर माझं सांगणं एवढंच. चटका बसला तर ते पाप नव्हे, तुमचा पाय जिवंत आहे. बसला नाही तर हार घालून घेऊ नका. पाय बाहेर काढा, पुसा आणि उजेडात कुणाला तरी दाखवा. आज संध्याकाळी घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे तळवे तुम्ही स्वतः बघा. ते आपणहून दाखवणार नाहीत.