जाब कुणाला विचारायचा

चर्चमधला बाप्तिस्म्याचा हौद घासायचं आणि भरायचं काम मावशीकडे होतं. नवरा गेल्यावर आधीच्या पाळकांनी तिला साफसफाईला ठेवलं, मागची खोली राहायला दिली. त्या खोलीत तिने लेक वाढवली. त्याच खोलीतून लेक एका सकाळी कामावर म्हणून निघाली, ती परत आलीच नाही. कोपऱ्यावर ट्रकने उडवलं. ड्रायव्हर प्यायलेला होता.

शनिवारी नवे पाळक दाराशी आले. एरवी बोलघेवडा माणूस, पण आज जीभ जड झालेली.

"मावशी, उद्या एकाचा बाप्तिस्मा आहे. तुमच्या कानावर घालायला हवं. तो... तोच आहे. शिक्षा भोगून आलाय. दुसऱ्या चर्चमध्ये घे म्हटलं तर ऐकत नाही. म्हणतो, तुमच्यासमोर नाही घेतला तर तो नुसता पाण्याचा खेळ होईल."

मावशीने हातातली बादली खाली ठेवली.

"इतकी वर्षं हौद भरतेय, पण कधी विचारलं नाही. त्या पाण्यात नेमकं होतं काय हो?"

"जुना माणूस ख्रिस्ताबरोबर मरतो, पाण्यात पुरला जातो. वर येतो तो नवा जन्म घेऊन."

"म्हणजे माझ्या लेकीला मारणारा उद्या मरणार?"

"तसंच म्हणायचं."

"मग मी जाब कुणाला विचारू? नव्याने तर काहीच केलेलं नसेल."

पाळकांनी बादली उचलली. म्हणाले, "हौद मी भरतो. तुम्ही उद्या येऊ नका."

"माझं काम आहे ते," मावशी म्हणाली, आणि नळ सोडायला गेली.

पाणी चढत होतं. लेकीचा बाप्तिस्माही याच हौदात झाला होता. नाकात पाणी गेलं म्हणून ठसकत आणि हसत वर आली होती पोरगी. तिच्या नव्या जन्माला आयुष्य ते किती मिळालं!

रविवारी मावशी नेहमीसारखी टॉवेल घेऊन पायऱ्यांपाशी उभी राहिली. ड्रायव्हर पांढऱ्या कपड्यांत आला. वाळून काटकी झालेला, केस पिकलेले. कमरेइतक्या पाण्यात उभा राहून तो पाळकांकडे न बघता तिच्याकडे वळला.

"तुम्ही नको म्हणालात, तर मी आत्ता बाहेर येतो."

"नवा झालास की तिला विसरशील?" मावशीने विचारलं.

"नाही."

"मग जा."

पाळकांनी त्याला पाण्याखाली नेलं. खरं सांगायचं तर, त्या क्षणी मावशीला वाटलं, हे पाणी असंच मिटलेलं राहावं. पण तो वर आला, धापा टाकत. तिने टॉवेल पुढे केला, जसा सगळ्यांना करायची तसा.

उपासना सुटल्यावर तो खोलीशी आला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला. त्याने तोंड उघडलं, तसं मावशीने हाताने थांबवलं.

"माफीबिफी नको. मी विचारते ते सांग. सगळे म्हणाले, ती जागच्या जागी गेली. खरं का?"

"नाही. मी खाली उतरलो. तिचं डोकं मांडीवर घेतलं. म्हणाली, आईला एकदम सांगू नका, ती घाबरेल."

मावशी उंबऱ्याच्या आत बसली, तो बाहेर.

"इतकी वर्षं का नाही बोललास?"

"कोर्टात कुणी विचारलं नाही. आणि आपण होऊन तुमच्यासमोर यायला... तेवढी छाती नव्हती माझी."

मावशी उंबऱ्याला धरून उठली. मग ती म्हणाली, "जा आता. पुढच्या रविवारी ये. अजून खूप विचारायचंय."

तो येत राहिला. ती विचारायची, तो सांगायचा. तुम्ही त्याला क्षमा केली का, असं पाळकांनी मावशीला कधी विचारलं नाही. विचारलं असतं, तर ती नाहीच म्हणाली असती.