दारावरच्या पिशव्या

साथ ओसरून दोन वर्षं झाल्यावर आमच्या वसाहतीने एक पुस्तिका काढायचं ठरवलं. त्या काळात आपण काय शिकलो, आणि पुन्हा तशी वेळ आली तर कोणी काय करायचं, हे तिच्यात यायचं होतं. नऊ इमारती, प्रत्येकीचं एक पान. आमचं पान माझ्या गळ्यात पडलं, कारण मी जन्मभर ग्रंथालयात नोकरी केली आणि ज्याने पुस्तकं हाताळली त्याला लिहिताही येतं असा लोकांचा समज असतो. मला नाही म्हणता आलं नाही. ते कधीच येत नाही, हे आमच्या हिचं जुनं दुखणं आहे.

पानावर काय यायला हवं ते सगळ्यांना ठाऊक होतं. पिशव्या.

साथीत आमच्या इमारतीत सातजण एकटे राहत होते. त्यांच्या दारात जाऊन गप्पा मारायच्या नाहीत असं तळमजल्यावरच्या नर्सबाईंनी बजावलं होतं, आणि फोन करावा तर निम्म्यांना ऐकू येत नव्हतं. म्हणून मी रोज सकाळी दहाला प्रत्येकाच्या कडीला कापडी पिशवीत एक पुस्तक अडकवायचो. चारला पुन्हा जिने चढायचो. पिशवी आत गेली असेल तर माणूस ठीक, वहीत बरोबरची खूण. तशीच लोंबत असेल तर नर्सबाईंना हाक. या युक्तीने दोघांचे जीव वाचले. मला ती आवडायची त्याचं आणखी एक कारण होतं: कोणाशी बोलावं लागत नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर घड्याळजी राहायचे. चौकात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान होतं. एका बुधवारी चार वाजता त्यांची पिशवी कडीलाच दिसली. मी दार ठोठावलं, पहिल्यांदाच. आतून काही नाही. दार तोडलं तेव्हा ते स्वयंपाकघरात जमिनीवर होते. अकरा दिवसांनी दवाखान्यातच वारले. मंगळवारी तर पिशवी आत गेली होती, म्हणजे रात्रीतूनच आजार बळावला असणार, असं सगळे म्हणाले. वहीत खूण होतीच.

त्यानंतर दोन आठवड्यांनी घड्याळजींच्या समोरच्या दारातल्या वहिनी तापातून उठल्या. शिवणकाम करणाऱ्या, सगळ्यांच्या अडीनडीला धावणाऱ्या बाई. त्यांनी मला जिन्यात दोन पिशव्या दिल्या. म्हणाल्या, घड्याळजींच्या दाराला तशाच राहिल्या होत्या, कोणी उचलून नेऊ नयेत म्हणून आत ठेवल्या होत्या. सोमवारची आणि मंगळवारची. बुधवारी त्या स्वतःच अंथरुणाला खिळल्या, म्हणून तिसरी कडीला राहिली.

मी पिशव्या घेतल्या आणि काही बोललो नाही. कोणालाच नाही, हिलाही नाही. या बाईंना कळलं तर त्या कोलमडतील, असं मी स्वतःला सांगितलं. खरं असेलही. पण खुणा माझ्या हातच्या होत्या, आणि दारावर एकदा बोटं वाजवायला मला कोणी मनाई केली नव्हती.

आता तीच युक्ती नऊ इमारतींसाठी छापून निघणार होती. मी पान चारदा लिहिलं, चारदा फाडलं. घरात येरझारा घालत राहिलो. ही म्हणाली, “एका पानासाठी एवढं चालताय, ग्रंथ लिहायला दिला असता तर शेजारच्या गावी पोचला असता.” मग मी तिला सगळं सांगितलं. तिने निवडत होती ती भाजी बाजूला सारली. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली की सांगायचं असेल तर छापायच्या आधी सांगा, नंतर हळहळून उपयोग नाही.

रविवारी सकाळी गच्चीवर बैठक होती. चेअरमननी पान वाचून दाखवायला सांगितलं. माझ्या हातात कोरा कागद होता. मी उभा राहिलो आणि सांगितलं की ही पद्धत जशी आहे तशी छापू नका. घड्याळजी सापडले त्याच्या आधी दोन दिवस मी पिशवी दिसली नाही म्हणून खूण केली, दार वाजवलं नाही. पिशवी त्यांनी घेतलीच नव्हती.

मग चेअरमन म्हणाले, काका, झालं ते झालं, तुम्ही केलं तेवढं कोणी केलं नाही, हे आपल्यातच राहू दे. नर्सबाई म्हणाल्या, आपल्यात ठेवलं तर पुढच्या खेपेला दुसरं कोणीतरी जमिनीवर पडून राहील. आणि मग कोणीतरी विचारलं, पिशव्या घेतल्या कोणी?

मी म्हणालो, मला माहीत नाही.

“त्यांना माहीत आहे,” मागून वहिनी म्हणाल्या. “मी घेतल्या. मीच त्यांच्या हातात परत दिल्या.”

मी काहीतरी पुटपुटलो, की त्यांना कल्पना नव्हती, त्यांचा दोष नाही. त्यांनी मला पुरतं बोलूही दिलं नाही.

“कल्पना नव्हती कशी? तापात पडल्या पडल्या दिवस मोजले मी. पिशव्या दिल्या त्या तुम्ही विचाराल म्हणूनच. तुम्ही विचारलं नाहीत. त्यानंतर जिन्यात भेटलात की मान खाली घालून जाता. दोन वर्षं. मला वाटलं, भावजींना माझं तोंड बघायची इच्छा नाही.”

मी मान खाली घालून सगळ्यांच्याच समोरून जातो, हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. त्यांच्यासमोरून जरा जास्तच घाईने जात होतो, हेही खोटं नव्हतं.

नर्सबाईंनी मला खुर्ची दिली आणि लिहा म्हणाल्या. मी तिथेच मांडीवर वही ठेवून लिहिलं: पिशवी दिसली नाही याचा अर्थ माणूस ठीक आहे असा नाही. आतून आवाज ऐकल्याशिवाय खूण करू नये. आमच्याकडे एका शेजारणीने चांगल्या मनाने पिशव्या उचलल्या, खूण करणाऱ्याने विचारलं नाही, आणि एक माणूस दोन दिवस पडून राहिला.

मोठ्याने वाचून दाखवलं. चेअरमन म्हणाले, शेवटचं वाक्य फार बोचतंय. कोणी हो म्हणालं, कोणी नाही. वहिनी पुढे आल्या, कागदावर वाकल्या आणि बोट ठेवलं.

“चांगल्या मनाने, एवढं खोडा.”

मी म्हणालो, पण ते खरं आहे.

“असेल. खोडा.”

मी पेन टेकवलं नाही. त्या बोट तसंच ठेवून उभ्या राहिल्या. लोक खुर्च्या उचलायला लागले, उन्हं डोक्यावर आली, तरी त्या हलल्या नाहीत. शेवटी मी ते दोन शब्द खोडले, आणि आपण बरोबर केलं की पुन्हा एकदा नाही म्हणायचं राहून गेलं, हे मला जिना उतरतानाही कळेना. वहिनी माझ्यापुढे दोन पायऱ्यांवर होत्या. मी त्यांना हाक मारली.