तिसरा शब्द

माझे बाबा नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. पडद्याआड वही घेऊन बसायचं आणि नट अडखळला की पुढची ओळ हळूच पुरवायची, हे त्यांचं काम. कंपनी जुनी इंग्रजी नाटकं करायची. बाबा चौथी पास. इंग्रजी शिकले ते राजांचं मरण आणि राण्यांचे शाप ऐकून.

"पूर्ण ओळ द्यायची नाही," ते सांगायचे. "दोन शब्द द्यायचे. तिसरा नटानं स्वतः म्हणायचा, तरच ओळ त्याची होते."

मलाही इंग्रजी त्यांनी तसंच शिकवलं. आमच्या घरात भात करपला की "अलास!", दूधवाला निघाला की "फेअरवेल!", आणि दूध चाटून पळणारी मांजर म्हणजे "ट्रेटर". आई म्हणायची, "राजेसाहेब, आधी ते पातेलं घासा."

पुढे मला फोनवर फ्रिजच्या तक्रारी घ्यायची नोकरी लागली. एकदा एक बाई फारच तापल्या. घाबरून माझ्या तोंडून निघालं, "आय बिसीच यू, मॅडम!" म्हणजे जणू सिंहासनापुढे गुडघे टेकून केलेली विनवणी. साहेबांनी ते रेकॉर्डिंग सगळ्यांसमोर लावलं. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण ते वेगळं.

घरी येऊन मी बाबांवर भडकलो. "तुमच्या नाटकी इंग्रजीनं माझं हसं झालं! आजपासून या घरात त्यातला एक शब्द नको."

"बरं," बाबा म्हणाले. एवढंच. त्या दिवसापासून मांजर नुसती मांजर झाली. आणि देवा, मला त्याचं बरंच वाटलं होतं.

अकरा वर्षांनी माझ्या मुलीला शाळेच्या नाटकात राणीचं काम मिळालं. नाटक बाबांच्याच वहीतलं. बाबा पहिल्या रांगेत, शेजारी मी. मधल्याच प्रवेशात पोर थांबली. विंगेत शाळेच्या बाई वहीची पानं चाळत राहिल्या, पान काही सापडेना. पोरीची नजर थेट आजोबांवर. बाबा पुढे झुकले, ओठ उघडले, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. शेवटी पडदा पाडला.

घरी मी त्यांच्यासमोर बसलो. "बाबा, मी तेव्हा रागात बोललो होतो हो. त्यापायी आज पोरीला..."

"खुळा की काय! तुझं बोलणं इतकी वर्षं धरून बसेन होय मी?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "ओळच आठवली नाही रे. नाम रोज घेतलं तरच ओठांवर राहतं. भाषेचंही तेच. तुझ्याकडे पाहिलं, म्हटलं, याला येत असेल."

मला येत होती. अख्खी ओळ येत होती. एवढ्या माणसांत तोंड उघडायची लाज वाटली, बस.

तेवढ्यात पोर डोळे पुसत वही घेऊन आली आणि आजोबांच्या पायाशी बसली. "आजोबा, आता मी सांगते, तुम्ही म्हणा." दोन शब्द सांगून ती थांबली.

बाबा भिंतीकडे बघत राहिले. तिसरा शब्द त्यांचा होता. मी वाट पाहिली, बरीच पाहिली. मग विंगेतून द्यावा तसा, हळूच दिला.

बाबांनी तो माझ्यामागून म्हटला. पहिल्यांदाच ऐकल्यासारखा, जपून.

"छान आहे," ते म्हणाले. "पुढे काय?"