आवाजावर चालणारी एसटी

काकासाहेबांनी बावीस वर्षं गंगापूरहून एसटी चालवली. काचबिंदूनं नजर गेली तेव्हा त्यांची मुलगी मंजुषा दहावीत होती; ती त्यांना अण्णा म्हणे. संभाजीनगरात मुकुंदवाडीच्या दोन खोल्यांत अण्णा दिवसभर नुसते बसून असत, ते तिला बघवेना. बारावीच्या सुट्टीत तिनं त्यांच्यासाठी मोबाइलवर एक गेम बनवला. त्यात दिसायचं काहीच नाही. इंजिन, हॉर्न, कंडक्टरची घंटी कानानं ओळखायची आणि बोटांनी गाडी गंगापूरहून संभाजीनगरला आणायची. अण्णा रोज दोन खेपा मारू लागले.

निकालानंतर तिला दोन ठिकाणी प्रवेश मिळत होता. पुण्यात गेम प्रोग्रॅमिंग, नाहीतर इथंच कॉम्प्युटर सायन्स. ठरवायला चार दिवस होते.

"पुण्याला जा," अण्णा म्हणाले. "तुझा जीव त्यातच हाय."

तिचंही तेच ठरत आलं होतं. पण दुपारी अण्णांनी हेडफोन काढला.

"मंजू, वाळूजला गाडी गच्च भरली, तरी आवाज रिकाम्या गाडीचाच येतोय. भरलेली गाडी लई दमानं वेग घेती."

ती दोन दिवस त्याच्यामागं लागली. गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय नव्हती, आणि आतलं गणित तिला कळेना. पुण्यात तोच कोर्स करणाऱ्या निशाताईला तिनं फोन लावला.

"इथं गेम झटपट बनवायला शिकवतात, मजा येते," निशा म्हणाली. "पण मुळातलं तुझं तुलाच शिकावं लागेल."

संध्याकाळी तिनं अण्णांना सांगितलं, "मी इथंच कॉम्प्युटर सायन्स घेते."

अण्णांचा चेहरा उतरला. "माझ्यापायी थांबतीस का?"

"थोडं तुमच्यापायी. खोटं नाय बोलत. पण जास्त माझ्यापायी. गेमच्या आत काय चालतं ते इथं शिकवतात, तेच मला शिकायचंय. गेम तर मी बनवणारच."

"मग ते थोडं बी काढून टाक."

"नाय निघत, अण्णा."

त्यांनी चाचपत तिचं डोकं शोधलं आणि हात तिथंच ठेवला.

प्रवेशाच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून सोबत गेले. पालकाच्या सहीची जागा आली. मंजुषानं त्यांचं बोट धरून कागदावर टेकवलं.

"इथं?"

"इथं."

सही चौकटीबाहेर गेली. खिडकीतल्या बाईंनी शिक्का उचलला. "राहू द्या काका, चालतंय."