उजवीकडे सरकलेली गायिका

तांब्याचा एक तंतू, केसाहून जेमतेम जाड, पिळातून सुटून बाहेर आलेला — तो चिमटीत धरून त्यांनी पुन्हा वायरीत वळला, वायर स्पीकरच्या पाठीमागे खोबणीत सारली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठताना त्यांना वाटलं, झालं, दोष हाच असणार... पण तो सुटलेला तंतू दुसऱ्या कशालाच टेकत नव्हता, म्हणजे दोष त्याचा नव्हताच. हे त्यांनी पाहताक्षणी ओळखलं होतं.

तबकडी पुन्हा लावली. गायिकेचा आवाज मधोमध नाही, उजवीकडेच.

दोन खोक्यांमधून निघालेला आवाज समोर मधोमध, जिथे नुसती भिंत आहे तिथे, एक माणूस उभं करतो — याचं नवल त्यांना तरुणपणापासून वाटत आलं होतं. जुने स्पीकर कमरेएवढे, कपाटासारखे. त्यांचा खर्ज जमिनीतून तळपायात चढायचा. या लहान घरात ते मावेनात, म्हणून मुलीने हे आणले, डब्याएवढे, उंच तिवयांवर ठेवायचे. एवढ्याशा पोटात खर्ज तो किती राहणार! पाठीमागच्या भोकातून निघेल तेवढा. भिंतीला खेटून ठेवले तर फुगतो, पण मग घोंगावतो. ते त्यांनी मान्य केलं होतं. उलट गायिका यांतून नेमकी उभी राहते, स्पीकर जणू खोलीतून निघूनच जातात, असं त्यांना पहिल्या दिवशी... खरं तर पहिल्या दिवशीही ती जराशी उजवीकडेच होती. आणि जुन्यांच्या वेळी? तेव्हा आवाज इतका ऐसपैस पसरायचा, की कोण कुठे बसलंय हे विचारायची वेळच आली नाही.

"डावा स्पीकर मुखदुर्बळ आहे," सकाळी त्यांनी मुलीला फोनवर सांगितलं.

"बाबा, मी दुकानात तासभर ऐकून आणलेत. दोन्ही सारखे आहेत."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"असं कुठे म्हटलं मी? संध्याकाळी येते, घेऊन जाते, दुकानदाराशी कडाकडा भांडते. मग तर झालं?"

ती भांडली असती. त्यांच्या शब्दावर ती कुणाशीही भांडली असती, आणि म्हणूनच तिच्या येण्याआधी त्यांना खात्री हवी होती.

उभा जन्म नकाशे काढण्यात गेलेला. त्यांनी टेप लावून दोन्ही स्पीकर आणि खुर्ची यांचा समभुज त्रिकोण जुळवला. मग डावा स्पीकर उजवीकडे नेला, उजवा डावीकडे. दोष स्पीकरचा असता तर गायिका आता डावीकडे यायला हवी होती. ती जागची हलली नाही. मग खिडकी — डाव्या अंगाला उघडी खिडकी, उजवीकडे पुस्तकांची मांडणी. आवाज खिडकीतून निसटत असेल... पडदा ओढला. नाही.

आता एकच उरलं होतं, आणि ते त्यांना सकाळपासून ठाऊक होतं. तरी त्यांनी मध्येच चहा घेतला, तिवया पुसल्या, टेपवरचे झिजलेले आकडे उगाच वाचले. खुर्ची फिरवायची. स्पीकरकडे पाठ करून बसायचं. दोष खोलीचा असेल तर गायिका डाव्या कानाशी येईल. आणि नाही आली तर...

त्यांनी खुर्ची फिरवली.

"अहो, भांडण झालं की काय त्यांच्याशी?" बायको वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन दारात उभी होती. "पाठ फिरवून बसलात ते!"

ते कसनुसं हसले. पाठीमागून, उजव्या खांद्यावरून, गायिका गात होती. उजव्याच.

म्हणजे डावा कान. एवढंच ना? या वयात व्हायचंच, त्यात काय एवढं, असं ते मनाशी म्हणाले, आणि संध्याकाळी मुलीला काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करू लागले — राहू दे, सवय होईल, खर्ज काय, जमेल... तेवढ्यात बायको स्टूल ओढून बसली. डावीकडे. तिथेच बसते ती. जेवतानाही तिथेच, अंथरुणातही, रस्त्याने चालतानाही. आणि त्यांना वाटत आलं होतं की हल्ली ती बोलतच नाही. एवढ्या वर्षांत बोलायचं संपलं असेल. घर शांत झालं म्हणून, कबूल करायला हवं, थोडं बरंही वाटलं होतं. "तुमचं लक्ष नसतं," असं ती मध्यंतरी म्हणाली होती, समोर उभी राहून, आणि त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं होतं.

आताही तिचे ओठ हलत होते. सदऱ्याची घडी घालता घालता ती काहीतरी सांगत होती, लांबलचक, मध्येच स्वतःशी हसत, उत्तराची फारशी वाट न बघता, जणू तशी सवयच लागलेली. त्यांच्या तोंडाशी नेहमीचा 'हूं' आला आणि त्यांनी तो दाबला. तिला काय वाटलं असेल इतके दिवस? ती काय काय बोलून गेली असेल — आणि आपण 'हूं' म्हटलं ते नक्की कशाकशाला?